आधी युनिट बघा, मग आकडा

गेल्या पावसात लावणी आटपली आणि शेजारची काकी तापाने पडली. चौथ्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टचा कागद फडकवत आमच्या पडवीत. "गो बाय, प्लेटलेट १४२! आता माझा काय खरा नाय!"

कुडाळात २२ वर्षं लॅबमध्ये सुया टोचल्यात मी. कागद घेतला. १४२ च्या पुढे बारीक अक्षरात 'दहाचा घात तीन' छापलेलं. म्हणजे १४२ हजार, आपल्या हिशोबात १ लाख ४२ हजार. नॉर्मल दीड लाखापासून धरतात. दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या लॅबने प्लेटलेट '१.४८ लाख' अशा लिहिल्या होत्या. काकीच्या लेखी दोन दिवसांत लाखाचे शंभर झाले!

म्हणून आधी नाव, वय आणि रक्त घेतल्याची वेळ बघा, मग युनिट, मग त्याच लॅबने छापलेली रेंज. आकडा सगळ्यात शेवटी. रेंज म्हणजे साधारण शंभर निरोगी माणसांतल्या मधल्या पंचाण्णवांचे आकडे. उरलेले पाचही धडधाकटच असतात, पण त्यांच्या आकड्यापुढे 'एच' (हाय, जास्त) नाहीतर 'एल' (लो, कमी) लागतो. काठावरच्या अशा अक्षराने झोप उडवून घेऊ नका. जुना रिपोर्ट शेजारी ठेवा आणि आकडा कुठे सरकतोय ते बघा.

तळाचा शेरा कुणी वाचतच नाही. पोटॅशियम वाढलेलं आणि खाली 'हिमोलाइज्ड' असेल, तर रक्तपेशी बहुतेक नळीतच फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. डॉक्टरांना तो शेरा दाखवा. बहुतेकदा रक्त परत घ्यायला सांगतात.

लेप्टोचं, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं, वेगळं. काकीच्या लेप्टो टेस्टवर 'आयजीएम निगेटिव्ह' वाचून तिचा मुलगा खूश झाला होता. पण रक्त घेतलं होतं तापाच्या दुसऱ्या दिवशी, आणि आयजीएम म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं त्या अँटीबॉडी; त्या रक्तात दिसायला पाच-सात दिवस जातात. तुम्ही शेतात चिखलात उतरला होतात, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते रिपोर्टात छापलेलं नसतं. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

काकीच्या डॉक्टरांनी चिखलाचं ऐकल्याबरोबर गोळ्या सुरू केल्या. आठव्या दिवशीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. क्रिएटिनिन ०.९ होतं, मूत्रपिंडं शाबूत. काकीने मात्र तो कागद उलटसुलट करून एवढंच विचारलं, "ह्याच्यात लाख खंय लिवलेत?"