नाशिकची पानगळ: आभाळ सोडा, झाडीत शिरा

दिवाळी आली की मला ठरलेला प्रश्न येतो, "चिनारांचे फोटो काढायला काश्मीरला कधी जायचं?" ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, जरूर जा. पण नाशिकहून पेठ रस्त्याने तासाभरात जे जंगल सुरू होतं त्यातही रंग असतात. फक्त त्यांचं वेळापत्रक वेगळं. तिकडे पान गळण्याआधी लाल होतं. आपल्याकडे गळताना ते बहुतेक पिवळं-तपकिरी होतं आणि खरा लाल येतो तो नव्या पालवीला. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरतं भरायच्या आधी लाल रंगद्रव्य असतं, म्हणून कोशिंबाचं झाड मार्चमध्ये पेटल्यासारखं दिसतं.

मी लग्नाचे फोटो काढतो, पंचवटीत छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराई आणि पानगळ नेमकी एकाच वेळी येते. त्यामुळे पंचांगात मुहूर्त नसलेला दिवस दिसला की पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत परतायचं. ही सवय नाइलाजाने लागली, पण तिचा फायदा झाला. दहानंतर आपल्या जंगलात तसंही काही मिळत नाही. ऊन पांढरं होतं, वारा सुटतो, पानं हलायला लागतात.

आधी लेन्सचं बोलू. जंगल म्हटलं की सगळे वाइड लेन्स काढतात. मग फोटोत अर्धं आभाळ, थोडा रस्ता आणि तळाशी बारकी झाडं. घरी ठेवा ती. लग्नात स्टेजच्या लांबून नवरीचा चेहरा टिपायला जी ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स वापरतो तीच इथे लागते. समोरच्या उतारावर दहा-बारा झाडांचा एकच तुकडा निवडायचा आणि तेवढाच उचलायचा. आभाळ नको, क्षितिज नको. याला इंटिमेट लँडस्केप म्हणतात. अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर यांचं याच नावाचं रंगीत फोटोंचं प्रदर्शन १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भरलं होतं. मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. अल्ट्रावाइडला हातही लावू नका.

जायचं कधी, तर डिसेंबरअखेरीपासून साग पिवळा पडू लागतो आणि धावडा तांबूस होतो. जानेवारीच्या शेवटाला काटेसावर फुलते, फेब्रुवारीत पळस आणि पांगारा. मार्चमध्ये कोशिंब, त्याच्या आगेमागे पिंपळाची आणि मोहाची तांबूस पालवी. दरवर्षी पंधरा दिवस इकडेतिकडे होतं. सावळघाट, कोटंबी घाट, हरसूलकडचा भाग, अंजनेरीचा पायथा, इतकं पुरेसं आहे. बोरगडला २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, तेव्हा तिथे वनखात्याला विचारूनच जा. वर हवाई दलाचं केंद्र आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही.

परदेशी व्हिडिओत सांगतात की ढगाळ दिवशी जा, धुक्यात जा. फेब्रुवारीत नाशिकला ढग आणायचे कुठून? आपल्याकडे ढगाचं काम डोंगराची सावली करते. पूर्वेला डोंगर असलेली घळ शोधा. सूर्य उगवून पाऊण तास झाला तरी तिथे ऊन पोहोचलेलं नसतं, फक्त वरच्या आभाळाचा मऊ उजेड असतो. सागाच्या पिवळ्याला तो उजेड छान मानवतो. मात्र सावलीतला उजेड निळसर असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे उजेडाची छटा कॅमेऱ्याने आपोआप जुळवण्यावर, भरवसा ठेवलात तर कॅमेरा दर फोटोला रंग बदलत बसेल. ५५०० केल्विनवर पक्का करा, फार थंड वाटलं तर ६५००. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर घरीही बदलता येतं, पण तिथेच पाहून ठरवलेलं बरं. घरी गेल्यावर सगळ्यांनाच सगळं आणखी नारिंगी करावंसं वाटतं.

कोशिंबाला मात्र हा नियम लागू नाही. तिथे ऊन पाहिजे, आणि तेही समोरून. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये यायला हवं, आणि झाडामागे सावलीतला डोंगर. मग पान आतून उजळतं, शिरा दिसतात आणि मागचा उतार जवळजवळ काळा होतो. अशी जागा सापडायला वेळ लागतो. चार पावलं डावीकडे सरकलात की मागे उन्हातलं वाळकं गवत येतं आणि सगळा लाल रंग फिका पडतो. म्हणून ट्रायपॉड आधी उघडूच नका. हातात कॅमेरा घेऊन फिरा, बसून बघा, बांधावर चढून बघा. मागचा काळोख सलग मिळाला की तिथे पाय रोवा. लेन्सला हूड हवाच. तरी काचेवर ऊन पडत असेल तर टोपीने आडोसा करा.

कोशिंबाची पालवी चकचकीत असते आणि तिच्यावर आभाळाचा पांढरा थर चढतो. सीपीएल, म्हणजे चमक कापणारा पोलरायझर फिल्टर, हळूहळू फिरवा. एका जागी तो थर उतरतो आणि खालचा रंग उघडा पडतो. फिल्टरमुळे एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो हिशेब धरा. सागाचं पान मुळात खरबरीत, तिथे फरक कमी पडतो.

पळसाची अडचण वेगळी. त्याचा केशरी-लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, सगळं ठीक दाखवतो आणि लाल रंगाचा चॅनल मात्र मर्यादेबाहेर जाऊन फुटलेला असतो. मग पाकळ्यांचा तपशील जाऊन फुलांच्या जागी नुसते डाग उरतात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल आत येईपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. मला साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली यावं लागतं. मोबाइलवर फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा.

बाकी सेटिंग साधं आहे. एफ ८ ते ११, आयएसओ १०० ते ४००, दोन सेकंदांचा टायमर. पान हलत असेल तर शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, आयएसओ खुशाल वाढवा. थोडा दाणा चालेल, हललेलं पान नाही.

खरं काम चौकटीचं. खोडं मोजा आणि कुठलं खोड कुणावर चढलंय ते बघा. दोन खोडं एकमेकांना चिकटून दिसली की डोळा तिथेच अडकतो. अर्धा फूट सरकलात तरी ती सुटी होतात. मग चारही कडा फिरून तपासा. कोपऱ्यात आभाळाचा पांढरा ठिपका आहे का, एखादी फांदी आत घुसलीय का, आणि हो, गुटख्याची पुडी. आमच्या घाटांत पुडीशिवाय चौकट मिळाली तर देवाला नारळ फोडावा. पोरं एडिटिंगमधल्या क्लोन टूलने पुसतात, मी उचलून खिशात टाकतो.

रंगाच्या गर्दीत एखादी शांत गोष्ट लागते. काहंडोळाचं गुळगुळीत पांढरट खोड त्यासाठी उत्तम. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तीही चालते. काही ऐन तुम्हाला नुसते खांबासारखे, शेंड्याला झुपका असलेले दिसतील. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, त्यांच्या फांद्या तोडून नेलेल्या असतात. अशी झाडं टाळू नका, ती इथलीच ओळख आहेत.

मोह फुलायच्या दिवसांत पहाटे फुलं वेचणाऱ्या बाया-पोरं भेटतात. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका. झाडाखालचा पाला स्वच्छ केलेला असतो, त्यावर ट्रायपॉड रोवून फुलं तुडवू नका. आणि विडी-सिगारेट गाडीतच ठेवा. वाळलेल्या सागपानाला ठिणगी पुरते, वणवा लागला की अख्खा उतार जातो. कुठे वणवा लागून गेला असेल तर हवेत धूर राहतो आणि रंग मळकट येतात, त्या दिवशी दुसरी दरी गाठा.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनला हात लावायच्या आधी नारिंगी आणि पिवळ्याची ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगांचा उजळपणा, थोडी खाली आणा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. धूसरपणा काढणारं डीहेझ जपून वापरा, सावल्या लगेच कोळसा होतात. प्रिंट काढायची तर फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या आणि कागद मॅट मागा. लॅबवाला सवयीने अल्बमसारखा रंग चढवतो, म्हणून 'करेक्शन नको' हे ऑर्डरवर लिहूनच द्या.