मांजर घेऊन मुलांच्या वॉर्डात जाताना: शेजारच्या खाटेचं विचारलंत का?

आजारी मुलांचं मन रमवायला पाळलेलं मांजर वॉर्डात न्यायचंय? आधी रुग्णालयाची परवानगी, आणि तीही लेखी. "आमच्याकडे कुत्रे येतात" असं ते म्हणाले तरी मांजर चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. रुग्णालयातल्या संसर्गावर काम करणाऱ्या शिया (SHEA) या अमेरिकन संघटनेने २०१५ साली काढलेल्या सूचनांत भेटीला फक्त कुत्रेच आणावेत, मांजर नको, असं सरळ म्हटलंय. मांजराच्या शिस्तीचा भरवसा नाही, त्यात ओरखडे आणि ॲलर्जी. तरीही काही रुग्णालयं मांजराला येऊ देतात, पण आपापल्या अटींवर. त्या अटी संसर्ग नियंत्रण विभागाकडूनच घ्या. ओळखीच्या डॉक्टरांच्या "या हो बिनधास्त"वर निघू नका.

आता शेजारची खाट. ज्या मुलाला भेटायचं त्याची ॲलर्जी सगळेच विचारतात, मीही विचारली होती. पलीकडच्या खाटेवर दम्याचं मूल आहे हे मात्र मांजर बास्केटबाहेर आल्यावर कळलं. मांजराची ॲलर्जी केसांची नसते, मुख्यतः फेल डी १ नावाच्या प्रथिनाची असते. ते लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत असतं, मांजर अंग चाटतं तेव्हा केसांवर पसरतं. त्याचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून भलतीकडे जातात. मधल्या पडद्याने काही अडत नाही. म्हणून आदल्या दिवशी इनचार्ज सिस्टरना फोन करून विचारा: शेजारी कोण, समोर कोण, सोबतीला थांबलेल्या आईला किंवा आजीला दमा आहे का. आणि आपण गेल्यावर त्या खोलीत कोण येणार आहे? हा प्रश्न कुणाला सुचत नाही.

कॅन्सरच्या उपचारांमुळे पांढऱ्या पेशी घटलेली, प्रत्यारोपण झालेली, भाजलेली, विलगीकरणातली मुलं भेटायच्या यादीत आहेत का, हेही त्याच फोनवर. त्यांच्याकडे जायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

मांजराचं वय वर्षाच्या आत असेल तर विषय संपला. पिल्लं खेळता खेळता नखं मारतात, आणि ओरखड्यातून ताप आणणारा बार्टोनेला हा जिवाणूही पिल्लांतच जास्त सापडतो. तो पिसवांमुळे पसरतो, म्हणून पिसवांचं औषध चुकवायचं नाही. लस, जंताचं औषध, शीची तपासणी ही कामं माहीत असतीलच. कच्चं मांस खाणारं मांजर नेऊ नका; साल्मोनेला शीतून बाहेर पडतो आणि मांजर वरवर ठणठणीत दिसतं. गोल टक्कल पडलेली जागा दिसली तर आधी पशुवैद्य. गजकर्ण मुलांना पटकन लागतं.

नखं दोन दिवस आधी कापा. आयत्या वेळी कापलीत तर कडा धारदार राहतात. मांजराला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून घरात आठवडाभर तरी फिरू द्या. गळपट्टा नको, त्यातून मांजर निसटतं. ऑक्सिजनचा फिस्स आवाज मांजराला दुसरं मांजर फिस्कारल्यासारखा वाटत असावा, काही मांजरं त्याने दबकतात. तो आणि मॉनिटरची टिकटिक मोबाईलवर आधी हळू, मग मोठ्याने ऐकवा. सलाईनची नळी लोंबताना दिसली की पंजा उठलाच समजा, तेव्हा मांजर नळी नसलेल्या बाजूनेच द्या. घरी दोरीचे खेळ महिनाभर बंद.

पिशवीत प्रत्येक मुलामागे एक धुतलेली चादर. एकच चादर सगळ्या खाटांवर फिरवलीत तर जंतूही फिरतील. केस काढायचा चिकट रोलर, जास्तीचा हार्नेस, ओले टिश्यू. खाणं निघायच्या दोन-तीन तास आधी उरकायचं. आदल्या दिवशी अंगावरून ब्रश आणि ओलं फडकं.

दाराशी पोचलात? शेजारच्या खाटेचं पुन्हा विचारा. हो, कालच विचारलंय तरी. रात्रीत नवीन ॲडमिशन होते आणि कालचं उत्तर शिळं होतं.

आत गेल्यावर मुलाचे हात सॅनिटायझरने, आणि ते पूर्ण वाळल्यावरच मांजर. ओला हात चाटला तर अल्कोहोल पोटात जातं. चेहरा चाटू देऊ नका. घुरघुर ऐकून खुशीत आहे असं समजू नका, घाबरलेलं किंवा दुखणारं मांजरही घुरघुरतं. शेपटी आपटू लागली, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की लगेच उठा. मूल रडलं तरी. एकूण तासाभरात बाहेर.

ओरखडा निघाला तर साबण-पाण्याने धुवा आणि सिस्टरना सांगा, लपवू नका. निघताना हात स्वच्छ करा, रोलर फिरवा, आणि चादर बंद पिशवीत. आणखी कुणी "आमच्या मुलालाही दाखवा ना" म्हणेल. आधी त्याची शेजारची खाट.