पाऱ्याच्या डोंगरात फिरायला जाताना
कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात पाहुणे आले की सगळे गोल्डन गेट पुलाकडे धावतात आणि सांता क्लारा काउंटीचं अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्क राहूनच जातं. 19व्या शतकात इथे पाऱ्याच्या मोठ्या खाणी होत्या. हासिएंडा गेटकडून चढत गेलात तर खाणकामगारांच्या इंग्लिश कॅम्पच्या जुन्या खुणा दिसतात. शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये जा, डोंगर हिरवेगार, रानफुलं बहरलेली. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर मुलांना अजिबात हात लावू देऊ नका. ते पॉइझन ओक, अंगावर खाज सुटून फोड येतात. आणि तिथल्या जलाशयातले मासे खाऊ नका, त्यांच्यात आजही पारा आहे.