पावसाळ्यात सुरुवात, पाडव्याला तयार: 1657 च्या मावळ्याचा पोशाख, तुंबा आणि शिदोरी, महिन्यागणिक

ठाण्याच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत मावळे बरेच दिसतात, पण अनेकांच्या अंगावर साटिनचा अंगरखा असतो आणि डोक्यावर शिवलेला तयार फेटा. पूर्ण वेळ नोकरी सांभाळूनही यापेक्षा खूप चांगला पोशाख होतो. फक्त काम जुलैत सुरू करायला हवं, कारण आपल्याकडे कोणत्या महिन्यात काय होऊ शकतं हे दमट हवा ठरवते.

त्याआधी वर्ष ठरवा. ठाणे जिल्ह्यापुरती दोन वर्षं हाताशी आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मार्च 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मधे 80 वर्षं गेली. पागोट्याची बांधणी, अंगरख्याचा घेर, हत्यारं, सगळं त्या काळात बदललं. दोन्ही एका अंगावर घातलं की पोशाख ना इकडचा ना तिकडचा. पुणेरी पगडी तर 19 व्या शतकातली आहे, ती दोन्ही ठिकाणी चालत नाही. इथला सगळा हिशोब 1657 च्या पायदळातल्या साध्या माणसाचा आहे: गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, चोळणा (नाडीची आखूड विजार), मुंडासं, कंबरेला शेला, खांद्यावर घोंगडी.

एक दोनशे पानी वही करा आणि महिन्याला दोन पानं ठेवा. कापडाचं वजन, रंगाचे ग्रॅम, पाणी किती लिटर, किती वेळ, सगळं त्यात लिहा आणि प्रत्येक रंगाची चार बोटं रुंद पट्टी तिथेच टाचा. ऑक्टोबरात रंग हवा तसा आला नाही तर कारण शोधायला ही पट्टीच उपयोगी पडते.

जुलै: कापड आणि बी

खादी 36 इंच पन्ह्याची, मध्यम जाडीची, न रंगवलेली घ्या. अंगरख्याला 4 मीटर, चोळण्याला 2, चाचणीच्या पट्ट्यांना अर्धा. छाती 38 इंचांची धरली तर यात एक तुकडा चुकला तरी निभावतं. मुंडाशाला 44 इंच पन्ह्याचं मलमल 4 मीटर आणि शेल्याला त्याच मलमलीचे अडीच मीटर. जांभळी नाक्याच्या बाजारात कापड घेताना एक सूत उसवून जाळून बघा. राख मऊ, करडी पडली आणि जळलेल्या कागदाचा वास आला तर सुती. कडक काळी गोळी झाली तर पॉलिएस्टर मिसळलेलं आहे, आणि त्या धाग्यावर वनस्पतींचा रंग बसत नाही.

कापड आणलं की आधी आटवा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं. मग अर्ध्या किलोमागे 10 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दीड तास उकळायचं. पाणी चहासारखं पिवळट होतं, ती सुताची खळ आणि मेण. उकळून, खळबळून, वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब क्षणात आत शिरला तर काम झालं. मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ आहे, पुन्हा उकळा. ही पायरी टाळली की पुढे रंग ठिपक्याठिपक्याने बसतो आणि मग दोष बिचाऱ्या मंजिष्ठाला, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीला, दिला जातो.

पावसात कापड वाळवायचं ते पंख्याखाली, एकेरी पसरून. ओल चोवीस तासांपेक्षा जास्त राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.

तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं. त्यासाठी जाड सालीच्या दुधी भोपळ्याचं बी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावा. खिडकीच्या जाळीवर वेल चढवायचा असेल तर कुंडी किमान 18 इंचांची हवी आणि वेलावर एकच फळ ठेवायचं. जागा नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला आत्ताच सांगून ठेवा की एक फळ वेलावरच जून होऊ दे. भाजीवाल्याकडचा कोवळा दुधी वाळवायला गेलात तर तो सडतो.

ऑगस्ट–सप्टेंबर: नमुना

या दोन महिन्यांत खऱ्या कापडाला कात्री लावू नका. जुन्या चादरीचा अंगरखा बेतून कच्च्या धावदोऱ्याने शिवा, घाला, हात वर करा, उकिडवे बसा. जे फाटायचं ते इथे फाटू दे.

ऑक्टोबर: रंग

पाऊस ओसरला आणि कडक ऊन पडलं की रंगाचं काम सगळं एकदम उरकायचं. दमट हवेत कापड सावकाश वाळतं, तेवढ्या वेळात तुरटी आणि हिरडा कडांकडे आणि घड्यांकडे सरकतात आणि तिथे गडद पट्टे उमटतात. ऑक्टोबरच्या उन्हात ही भीती नाही. न रंगवलेली खादीही साध्या शिपायाला पूर्ण शोभते, त्यामुळे वेळ नसेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

अंगरख्याचं 4 मीटर कापड साधारण 550 ग्रॅम भरतं. त्याला हिरडा पूड 110 ग्रॅम, तुरटी 85 ग्रॅम, मंजिष्ठा पूड 350 ग्रॅम. तिन्ही वस्तू काष्टौषधीच्या दुकानात मिळतात. शिवायचा सुती दोरा लडी करून कापडाबरोबरच रंगवा.

पहिल्या रात्री हिरडा 12 लिटर कोमट पाण्यात कालवून कापड बुडवून ठेवा. सकाळी पिळा, धुवू नका, उन्हात एकेरी पसरा. फिकट पिवळा रंग दिसेल. दुसऱ्या दिवशी तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून 12 लिटरचं पाणी करा आणि कापड बारा तास ठेवा, अधूनमधून खालचं वर करत राहा. पिळून वाळवा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग एकदाच हलकं खळबळा. तिसरी पायरी मंजिष्ठाची. पूड आदल्या रात्री भिजवायची, सकाळी फडक्यात सैल पुरचुंडी बांधून 15 लिटर पाण्यात सोडायची, कापड घालायचं आणि मंद आचेवर तासाभरात 60 ते 65 अंशांपर्यंत न्यायचं. वाफ दिसते पण बुडबुडा येत नाही, ती ही पायरी. तासभर तिथेच धरा, मग आच बंद करून रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्या.

उकळी आली की मंजिष्ठाचा लाल जाऊन तपकिरी येतो. पाण्यात लोह असलं तरी रंग मळतो, म्हणून सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर पालिकेचं पाणी वेगळं भरून ठेवा. भांडं स्टेनलेस स्टीलचं हवं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. हळद रंगासाठी घेऊ नका. पिवळा सुरेख येतो, पण उन्हात काही दिवसांत उडतो.

चोळणा करड्या रंगाचा हवा असेल तर त्या 2 मीटरला हिरडा 55 ग्रॅम, वरच्याच रीतीने. मग 5 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) 8 लिटर थंड पाण्यात विरघळवून वाळलेलं कापड बुडवा. डोळ्यांदेखत पिवळ्याचा करडा होतो. दहा मिनिटांत बाहेर काढून खूप पाण्यात धुवा. जास्त काळा हवा म्हणून हिराकस वाढवलात तर सूत कमकुवत होऊन वर्षा-दोन वर्षांत घडीवर चिरतं. हे काम लाल रंग पूर्ण आटोपल्यावर, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून करायचं. हिराकसाचे चार थेंब लाल कापडावर उडाले तरी डाग कायमचा राहतो.

नोव्हेंबर–डिसेंबर: शिवण

बेतणी सरळ रेषांची आहे. पाठ 21 इंच रुंद आणि 40 लांब, वर येणारा उजवा पुढा 18 बाय 40, आत जाणारा डावा पुढा 11 बाय 40, बाह्या 22 लांब आणि खांद्याशी 17, मनगटाशी 9. घेरासाठी सहा कळ्या, 28 इंच उंच आणि तळाला 10. उजवा पुढा डावीकडे जाऊन डाव्या बगलेखाली बांधला जातो. त्या काळी हिंदू बंद डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे, म्हणून ही बाजू चुकवून चालत नाही. बंद अर्धा इंच रुंद, दहा इंच लांब: आत एक जोडी, बाहेर तीन. बटण किंवा हूक कुठेही नको.

सगळ्यात जास्त जीव लावायची जागा म्हणजे चौबगला. बगलेत बसणारा हा 5 इंचांचा चौकोन नसेल तर लाठी उगारताच शिवण उसवते. चौकोन सुताच्या सरळ रेषेत कापा आणि कर्णाने बसवा: एक टोक बाहीकडे, समोरचं कंबरेकडे. मग हात वर गेला की कापड तिरकं ताणलं जातं आणि परत येतं. प्रत्येक बाजू शिवताना टोकाच्या पाव इंच आधी थांबा, दोरा गाठा, तुकडा वळवा, मग पुढची बाजू. टोकापर्यंत शिवलं की तिथे कापडाची चिमट पडते, आणि चिमट सुटावी म्हणून कात्रीचा चिरा दिला की चिरा पहिल्याच दिवशी वाढतो. इथे उलटटीप घाला, इंचाला आठ टाके. बाकी लांब शिवणींना धावदोरा पुरतो. आतल्या शिवणी मशीनवर मारल्या तर कुणाला दिसत नाहीत, पण गळा, बंद आणि खालची कड हातानेच दुमडा.

चोळणा गुडघ्याखाली चार बोटं, नाडीचा, आसनात 8 इंचांचा चौकोन. बसून उठून बघा, एवढंच.

मलमल लांबीत मधोमध फाडा आणि दोन्ही तुकडे टोकाला टोक जोडा: 8 मीटर लांब, 22 इंच रुंद. मुंडासं बांधताना कापड किंचित ओलं हवं आणि सैल पीळ हवा. तेल लावलेल्या केसांवर ते घसरतं, म्हणून आधी कपाळाभोवती साध्या सुती पट्टीचा एक वेढा घ्या. आरशासमोर वीसएकदा बांधल्याशिवाय हात बसत नाही.

घोंगडी याच दिवसांत घ्या, धनगरांनी विणलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ असते आणि वापराने मऊ होते. वहाणाही आत्ताच घेऊन रोज अर्धा तास घाला. मार्चमध्ये घेतलेल्या वहाणा पहिल्याच किलोमीटरला अंगठ्याजवळ फोड आणतात.

तुंबा

ऑक्टोबर संपता संपता देठ तपकिरी झाला आणि नखाने साल चिरत नसली की फळ काढा, देठाची दोन इंच काडी ठेवून. सुतळीच्या चुंबळीवर हवेशीर जागी ठेवा, आठवड्याला फिरवा. सालीवर बुरशीचे नकाशे उठतील, घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसा. बोट दाबून साल आत गेली तर मात्र फळ सडलंय, टाकून द्या. जानेवारीअखेर ते हातात हलकं लागतं आणि हलवल्यावर बिया खुळखुळतात. मोठं फळ फेब्रुवारीही घेतं.

मग देठाशी इंचभर भोक पाडा, तीन दिवस पाणी भरून ठेवा (पाणी रोज बदला), आणि बारीक खडी घालून हलवत आतला गर खरवडा. पूर्ण वाळल्यावर 100 ग्रॅम मधमाश्यांचं मेण दुहेरी भांड्यात वितळवा, तुंबा उन्हात कोमट करा आणि मेण ओतून सगळीकडे फिरवा. थंड तुंब्यात मेण जागीच थिजतं आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. शेवटी रात्रभर पाणी भरून सकाळी जिभेवर एक थेंब घ्या आणि थुंका. कडू लागला तर तो तुंबा फक्त खांद्याला अडकवायचा. कडू दुधीने उलट्या-जुलाब होतात, कधी प्रकृती गंभीरही होते.

जानेवारी: शिदोरी

टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, मका आणि साबुदाणा हे आपल्याकडे नंतर रुळलेले पदार्थ बाजूला ठेवा. तिखटाला मिरी आणि पिंपळी घेतली की तेव्हा मिरची होती की नव्हती हा वाद उरत नाही. चार माणसांना कुळथाचं पिठलं: भाजून दळलेलं कुळीथ पीठ 120 ग्रॅम, पाणी 900 मिली, लसूण 8 पाकळ्या, मिरी भरड 1 चमचा, 2 पिंपळ्या कुटून, मोहरी, हिंग, तिळाचं तेल 2 मोठे चमचे, आमसुलं 4, मीठ. पीठ आधी 300 मिली गार पाण्यात कालवा, कारण थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या आतून कच्च्या राहतात. फोडणीत उरलेलं पाणी उकळलं की कालवण धारेने सोडा, ढवळत राहा, मंद आचेवर बारा मिनिटं. कच्च्या पिठाचा उग्र वास गेला की आमसुलं घाला.

पितळी पातेलं वापरायचं असेल तर कल्हई केलेलंच. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात आमसूल शिजवलं तर तांबं अन्नात उतरतं. मातीचं मडकं असेल तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा त्यात तांदळाची पेज शिजवा, तडकत नाही.

भाकरी नाचणीची: एक वाटी पिठाला जवळजवळ एक वाटी उकळतं पाणी, झाकण ठेवून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायची. गार उकडीच्या कडा फाटतात. बाजरी करणार असाल तर पीठ अर्ध्या किलोपेक्षा जास्त दळून आणू नका, दमट हवेत ते पंधरवड्याच्या आत कडू होतं. वाशीच्या बाजारातून धान्य आणून लागेल तसं दळणं उत्तम. सोबत कारळ्याची किंवा तिळाची चटणी, मिरी-लसूण-मीठ घालून. ती कोरडी असते आणि पाडव्याच्या उकाड्यातही टिकते. पिठलं त्या दिवशी सोबत नेऊ नका, दुपारपर्यंत आंबतं.

फेब्रुवारी: रंगीत तालीम

पूर्ण पोशाखात, तुंबा भरून, शिदोरी बांधून सकाळी घोडबंदर किल्ल्यावर किंवा नवी मुंबईत असाल तर बेलापूरच्या किल्ल्याच्या बाजूला दोन तास चाला. काय सैल होतं, काय घासतं, मुंडासं किती वेळ टिकतं ते वहीत लिहा आणि आठवड्याभरात दुरुस्त करा. तलवार लाकडीच ठेवा. धारेचं पातं मिरवणुकीत नेणं गर्दीला धोक्याचं आहे आणि पोलिसांचे मनाई आदेशही अनेकदा असतात.

पाडव्याच्या दिवशी घोंगडी उकाड्यामुळे घडी करून खांद्यावरच राहील, तशीच राहू द्या. तुंबा बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ होऊन तळाशी उतरतं. घरी आल्यावर अंगरखा रिठ्याच्या पाण्यात, सावलीत वाळवून. तुंबा पालथा टांगायचा, आणि घोंगडी दोन दिवस कडक उन्हात घालून कडुलिंबाच्या पाल्यासकट गुंडाळून मृगाच्या आधी माळ्यावर.