सुट्टी लागायच्या आधी टेबल मांडून ठेवा

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की माझ्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू होते. पूर्वी तिच्यात नुसते मनसुबे असायचे: एक स्टॉप-मोशन फिल्म (वस्तू थोडी थोडी हलवत, एकेक फोटो काढून केलेली), आजीसाठी मफलर, गिटारवर दोन नवी गाणी, रोज एक चित्र. सुट्टी संपेपर्यंत यातलं एकही पुरं व्हायचं नाही आणि मला वाटायचं, आपल्यात चिकाटीच नाही. दोन वर्षांपूर्वी मी शांत बसून गेलेले दिवस मोजले. पहिला दिवस टेबल रिकामं करण्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी डिंकाच्या बाटलीचं तोंड सुकून बंद झालेलं निघालं. तिसऱ्या दिवशी लोकर संपली आणि दुकान सुट्टीमुळे बंद. चौथ्या दिवशी फोनची मेमरी भरली. खरं काम सुरू झालं तेव्हा निम्मी सुट्टी सरली होती. तेव्हापासून माझ्या यादीत सुट्टीआधी उरकायची कामं असतात, म्हणजे पहिल्या सकाळी हात थेट कामावर पडतो. ती यादी इथे सविस्तर मांडते.

सगळ्यात आधी एक मोठं काम ठरवा. एकच. त्याच्या जोडीला दोन छोटी, एका बैठकीत संपणारी कामं ठेवा. मोठ्या कामाचा कंटाळा आला की तिकडे वळता येतं. मला हे ठरवायला दरवेळी जड जातं, कारण डोक्यात दहा कल्पना भांडत असतात. बाकीच्या कल्पना मी चिठ्ठ्यांवर लिहून एका डबीत टाकते. लिहून ठेवलं की त्या हरवणार नाहीत याची खात्री पटते आणि मन एका जागी बसतं.

तयारी म्हटलं की मला विल्सन बेंटली आठवतो. तो 1865 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पंधराव्या वर्षी त्याला आईकडून एक जुना सूक्ष्मदर्शक मिळाला आणि तो त्याखाली बर्फाचे कण ठेवून त्यांची चित्रं काढू लागला. पण चित्र पुरं होण्याआधी कण विरघळून जायचा. मग घरच्यांनी त्याला कॅमेरा घेऊन दिला, त्याने तो सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि 15 जानेवारी 1885 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला हिमकणाचा पहिला फोटो मिळाला. आयुष्यभरात त्याने असे 5000 हून अधिक फोटो काढले. मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे त्याची जागा. तो शेकोटी नसलेल्या थंडगार खोलीत काम करायचा, कण झेलायला काळी फळी तयार ठेवायचा, आणि आपल्या उच्छ्वासाच्या उबेने कण वितळू नये म्हणून श्वास रोखून धरायचा. बर्फ पडायला लागल्यावर तो फळी शोधत बसला असता, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

आता जागा. घरात तुमची स्वतःची खोली असो नसो, एक कोपरा असा मागून घ्या की मांडलेलं काम रात्री उचलावं लागणार नाही. हे सुट्टी लागण्याआधी बोलायचं, कारण सुट्टीत घरात सगळेच असतात, पाहुणेही येतात, आणि ऐनवेळी टेबल सगळ्यांनाच हवं असतं. मी आईला तारखा सांगते: या दिवसापासून या दिवसापर्यंत खिडकीजवळचं टेबल माझं. तारीख सांगितली की मोठी माणसं जास्त सहज हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. आवरायचंच असेल तर जुन्या कपाटाची एखादी फळी किंवा जाड पुठ्ठा घ्या आणि सगळं काम त्यावर मांडा, म्हणजे ते तसंच्या तसं उचलून पलंगाखाली सरकवता येतं.

जागेच्या जोडीला उजेड पाहा. उत्तर गोलार्धात वर्षातला सगळ्यात लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला येतो, म्हणजे सुट्टीच्या आसपास उजेडाचीच टंचाई असते. पिवळ्या बल्बखाली रंगवलेलं चित्र सकाळी पाहिलं की निळा आणि हिरवा ओळखीचे वाटत नाहीत. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा केल्विनमध्ये दिलेला असतो: 2700 म्हणजे पिवळसर, 5000 ते 6500 म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. टेबललॅम्पसाठी असा एक बल्ब आधीच आणून ठेवा. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडे, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही.

कागद आणि रंग यांत मी फार रमत नाही, एवढंच सांगते. जलरंग वापरणार असाल तर कागद 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्या. छपाईचा नेहमीचा कागद 70-80 जीएसएमचा असतो, तो पहिल्याच पाण्याने लाटांसारखा उठतो. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने फळीला चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. पेन्सिली एचबी, 2बी, 4बी आणि 6बी एवढ्या पुरतात; त्या आदल्या संध्याकाळी सगळ्या टोक करून ठेवा. ॲक्रिलिक रंग आणि पांढरा डिंक थंड गॅलरीत ठेवू नका. दोन्ही पाण्यावर आधारलेले असतात, गोठले तर बिघडतात. आणि साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली ॲक्रिलिकचा थर नीट धरतच नाही. प्रत्येक बाटली आणि ट्यूब उघडून पाहा. झाकण घट्ट बसलं असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, दातांनी उघडू नका.

स्टॉप-मोशनची तयारी मात्र सगळ्यात मोठी, आणि माझं मन तिथेच जास्त रमतं. आधी हिशोब करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, पण आपल्याला 12 फोटो पुरतात, एकेक फोटो दोनदा वापरायचा. तीस सेकंदांच्या फिल्मला 360 फोटो झाले. एका फोटोला, म्हणजे बाहुली हलवणं, हात बाजूला घेणं, फोटो काढणं, एक मिनिट धरलं तरी सहा तास. हा आकडा आधी कळला की कुणी तीन मिनिटांची कथा लिहायला बसत नाही. गोष्ट एका वाक्यात मावली पाहिजे. माझी मागच्या वर्षीची गोष्ट अशी होती: हरवलेला हातमोजा रात्री टेबलावरून चालत जाऊन आपल्या जोडीदाराला शोधतो. त्या हातमोज्याच्या बोटांत मी तांब्याची बारीक तार घातली होती, अंगठ्यात दुहेरी, कारण तो सारखा झुकायचा. चालताना कोणतं बोट आधी टेकतं हे ठरवायला मी माझाच हात टेबलावर चालवून दहा वेळा पाहिला. हे सगळं सुट्टीआधीच्या दोन संध्याकाळी केलं, म्हणून शूटिंग तीन दिवसांत झालं.

फोन पक्का बसवा. स्टँड नसेल तर पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये धरा आणि टेप लावा. स्टँडचे पाय आणि टेबलाचे पाय जमिनीवर कुठे टेकतात तिथे टेपच्या खुणा करा, कुणाचा धक्का लागला तर परत तिथेच आणता येतं. कॅमेऱ्यात फोकस, एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड किंचित बदलतो आणि फिल्म लुकलुकते. त्याच कारणासाठी पडदे ओढा आणि फक्त दिव्यावर काम करा. खिडकीतलं ऊन सरकतं, ढग येतो, आणि डोळ्याला न जाणवलेला फरक फिल्ममध्ये ठळक दिसतो. अंगात गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेडही बाहुलीवर पडतो. फोन फ्लाइट मोडवर, चार्जर लावलेला. शटरसाठी वायरवाल्या इअरफोनचं आवाजाचं बटण पुष्कळ फोनवर चालतं, म्हणजे फोनला हात लावावा लागत नाही. आणि दहा फोटोंची चाचणी फिल्म आधी करून बघा. पाच मिनिटांत कळतं काय डळमळतंय ते.

मेमरी रिकामी करणं आणि कॉपी ठेवणं या गोष्टी मी वेगळ्या ओळीत लिहिते, दोनदा अधोरेखित करून. माझी पहिली फिल्म, जवळजवळ दोनशे फोटो, एका फोनबरोबर गेली. दुसरी कॉपीच नव्हती. त्या रात्री मी खूप रडले, आणि दादाने काही न बोलता आपला जुना पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर आणून ठेवला. आता प्रत्येक दिवसाचं काम झोपण्याआधी दुसऱ्या जागी जातंच. फोल्डरला तारीख हेच नाव.

विणकामाची तयारी उलट्या दिशेने करा. भेट ज्या दिवशी द्यायची तो दिवस कॅलेंडरवर मांडा, त्याआधी धुण्या-वाळवण्याचे दोन दिवस सोडा, आणि तिथून मागे या. लोकर सगळी एकदम घ्या. लोकरीच्या गुंड्यावरच्या पट्टीवर रंगाच्या नंबराखेरीज लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचा नंबर, छापलेला असतो. तोच रंग पण वेगळा लॉट घेतला तर मफलरवर मध्येच पट्टा उमटतो. माझ्या आजीच्या मफलरवर तो आहे, ती मुद्दाम तोच भाग पुढे घेऊन गुंडाळते. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा नमुना विणा, धुवा, वाळवा, मग टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण टोपी डोक्यात न मावण्यापेक्षा बरं. टाके घालून पहिल्या चार ओळीही सुट्टीआधीच विणून ठेवा. सुरुवात झालेलं विणकाम हातात घ्यावंसं वाटतं.

गिटार वाजवत असाल तर तारांचा एक जादा संच आणि दोन पिक बाजूला ठेवा. वाद्य हीटरजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कोरड्या, गरम हवेत लाकूड आकसतं आणि भेगा पडू शकतात. बाहेरच्या थंडीतून आणलं असेल तर केस लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बोटं गार असताना अवघड कॉर्डला हात घालू नका, आधी कोमट पाण्यात धरा.

सुरी आणि वास यांबद्दल मी कडक आहे. कटरचं पातं नवं घाला, बोथट पात्यालाच जोर लागतो आणि तेच घसरतं. पट्टी लोखंडी, खाली कटिंग मॅट, एका जोरदार फटकाऱ्याऐवजी तीन-चार हलके हात. स्प्रे आणि तीव्र वासाच्या वार्निशसाठी दिवस ठरवून ठेवा, कारण थंडीत सगळी दारं-खिडक्या बंद असतात आणि तो वास खोलीत कोंडतो. असं काम दुपारी, खिडकी सताड उघडून किंवा बाहेर जाऊनच करायचं. घरात लहान भावंडं असतील तर सुऱ्या, सुया आणि दाभण झाकणाच्या डब्यात.

अभ्यासाचं एका वाक्यात: सुट्टीतला गृहपाठ पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एक तास, कारण शेवटच्या तीन दिवसांवर ढकलला तर हातातलं काम त्याच दिवसांत अर्धवट सुटतं.

आणि जे दिवस आपल्या हातात नसतात त्यांच्यासाठी एक पिशवी. प्रवास, पाहुणे, मोठ्यांच्या लांबणाऱ्या गप्पा. माझ्या पिशवीत खिशात मावणारी वही, एक काळं पेन, एक 4बी पेन्सिल, खोडरबर आणि विणकामाचा छोटा तुकडा असतो. गप्पा मारणाऱ्या माणसांचे हात काढायला बसा. ती हात सारखे हलवतात, पण त्याच त्याच मुद्रेवर परत येतात. दोन मिनिटं नुसतं पाहिलंत तर तुमच्या लक्षात येईल. बाहेर थंडीत फोटो काढणार असाल तर फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. परत येताना कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात आणा आणि तो गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर लेन्सवर दव धरतं.

यादीतलं शेवटचं काम मी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करते: नवी वही शिवणं. ए-4चे वीस कागद घ्यायचे. चार-चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की एका जुडीची 16 पानं होतात, पाच जुड्यांची 80. दुमडलेली घडी चमच्याच्या पाठीने दाबून धारदार करायची. पाच जुड्या एकत्र धरून पाठीवर पेन्सिलने पाच खुणा, मग प्रत्येक जुडी उघडून खुणांवर दाभणाने आतून बाहेर भोकं. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेतला की गाठ घसरत नाही आणि दोरा कागद कापत नाही. शिवताना दोरा कागदाला समांतर ओढायचा. वर ओढला तर भोक फाटतं. मागच्या वेळी तिसऱ्या जुडीचं एक भोक असंच फाटलं, तिथे मी पातळ कागदाची चिकटपट्टी लावली, आणि आता त्या पानावर आलं की बोटाला ती जाणवते. शिवून झालं की वही रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवते.

कोऱ्या वहीचं पहिलं पान मला नेहमी घाबरवतं, म्हणून त्याच रात्री, वही दाबायला ठेवण्याआधी, मी त्यावर सगळ्या पेन्सिलींच्या रेघा ओढून बघते. एचबी, 2बी, 4बी, 6बी, एकाखाली एक. मग दिवा बंद करते.