सकाळी रुसणारी डिझेल
गाडी 2009 ची, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने इंधन देणारी) डिझेल. रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेल्फ मारल्याशिवाय उठायची नाही. एकदा उठली की घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर कुरकुर नाही. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली, मग ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे). फरक शून्य. (ग्लो प्लगवाचून गाडी अडावी एवढी थंडी ठाण्यात पडते कुठे?)

शेवटी डिझेल फिल्टर आणि इंजिनच्या डिझेल पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप टाकला. सकाळी बॉनेट उघडलं तर पाइप अर्धा रिकामा, आणि सेल्फ मारताच बुडबुड्यांची माळ. म्हणजे लाइन हवा ओढत होती आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परतत होतं. गंमत म्हणजे बाहेर एक थेंब गळत नव्हता. तिथे दाब नसतो, पंपाची ओढ असते; म्हणून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते.

चोर सापडला फिल्टरच्या बुडाशी: पाणी काढायच्या स्क्रूची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नखाने दाबून पाहिली तर दगड. नवी डिझेलमध्ये बुडवून बसवली, लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. स्क्रू हातानेच आवळायचा, पाना लावलात तर प्लास्टिकचे आटे गेलेच समजा.

आता अर्ध्या सेल्फमध्ये उठते. बॅटरीचं बिल मात्र बायकोने फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.