भाड्याच्या घरात गळती: दुरुस्ती कोणी करायची?

खर्च कोणाचा यावरून मालकाशी भांडण्याआधी पाणी येतंय कुठून ते शोधा. टाकीत पाणी येणारा कॉक रात्री बंद करा, पातळीशी खडूने खूण करा आणि एकही नळ उघडू नका. सकाळी पातळी उतरलेली असेल तर दोष पाइप, नळ किंवा फ्लशचा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर तिथेच गळतंय. पातळी जैसे थे आणि भिंत ओली, तर मोरीच्या जाळीत फडका कोंबून दोन बोटं पाणी दिवसभर साठवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा.

पावसात वाढणारा आणि चार दिवस उघडीप मिळाल्यावर सुकणारा डाग छपराचा किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीचा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला खालचे दोन-तीन फूटच ओल आणि पांढरा लोणा (खारट थर) असेल, तर ती जमिनीतून चढलेली ओल. तिथे प्लंबरचा काही उपयोग नाही.

छप्पर, गच्ची, बाहेरच्या भिंती, भिंतीतले पाइप, टाकी आणि संडासाची लाइन मालकाकडे. वांदरांनी कौलं फोडली किंवा वर नारळ पडला, तरी मालकाकडेच. वॉशर, शॉवर, फ्लशमधलं रबर अशा वापराने झिजणाऱ्या बारीक गोष्टी सहसा भाडेकरू बघतो. फिल्टर लावताना ड्रिलने पाइप फोडला तर भरपाई अर्थातच त्याची. फ्लॅटमध्ये गच्चीतून आलेलं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप सोसायटीचे. सेक्रेटरीला पत्र मालकाने द्यायचं.

नळाचा वॉशर स्वतः बदलता येतो: मेन कॉक बंद करा, जुना वॉशर दुकानात नमुन्याला न्या. पूर्ण नळ काढायचा असेल तर सांभाळून. खाऱ्या हवेत जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे) आटे गंजून धरतात आणि जोर लावला की निपल, म्हणजे नळ जोडणारा पाइपचा छोटा तुकडा, भिंतीतच तुटतं. मग दहा-वीस रुपयांच्या कामासाठी टाइल फोडावी लागते. गंज दिसला तर हात लावण्याआधी फोटो काढून मालकाला पाठवा, नाहीतर जुन्या पाइपचा दोष तुमच्या माथी. नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या; त्यानंतर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. म्हणजे महिना 6,000 भाडं असेल तर वर्षाला जास्तीत जास्त 18,000 रुपये. नोटीस पोचपावतीसह पोस्टाने जाऊ दे, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही टाका.

पण हा हक्क भाडेकरूचा आहे, आणि कायदा ठरावीक, मुख्यतः शहरी भागांना लागू आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर (फक्त वापराच्या परवानगीच्या करारावर) राहणारे कायद्याने भाडेकरू धरले जात नाहीत, तरी याच कलमाच्या जोरावर परस्पर भाडं कापतात आणि डिपॉझिटला मुकतात. तिथे करार काय म्हणतो तेच चालतं. म्हणून नोंदणीआधीच एक ओळ घालून घ्या: ‘छप्पर, भिंतीतली पाइपलाइन, टाकी व ड्रेनेजची दुरुस्ती मालक कळवल्यापासून सात दिवसांत करेल, 500 रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती राहणारा करेल.’ आकडा आपसात ठरवा.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट परत लावणं, मे महिन्यात, मिरगाआधी उरकायला मालकाला भाग पाडा. शेवाळलेल्या कौलांवर जूनमध्ये गडी चढत नाही, आणि चढलाच तर चार कौलं आणखी फुटतात. भर पावसात प्लास्टिक टाकायची वेळ आलीच, तर त्याची वरची कड वरच्या ओळीच्या कौलांखाली सरकवा. नुसतं वरून अंथरलं तर पाणी त्याच्याखालून आत येतं.